थोरलीचं पहिलं फळ

तापघराचा झरोका उघडण्याआधी हर्षाली गाणं म्हणायची. आवाज गोड होता तिचा. जातं तिनं आयुष्यात ओढलं नव्हतं, पण गळ्यात जात्याची घरघर उतरली होती.

ऊन ऊन म्हनू नका, ऊन सासू गं वेलाची
छळ छळ छळुनिया, सून केली पोलादाची

मग ती कडी ओढायची. बाहेरची भट्टीची हवा काळ्या पत्र्याच्या नळातून आणखी तापत काचेच्या खोलीत शिरायची. आत एकच वेल होता, गंगाफळाचा. लाल भोपळ्याला खानदेशात गंगाफळ म्हणतात, आणि ज्याच्या पंगतीत गंगाफळाची भाजी नाही त्याचं कार्य झालं असं कोणी धरत नाही. या वेलाचं नाव हर्षालीनं ठेवलं होतं थोरली.

काचेला कपाळ टेकून ती बघत राहायची. पानं आधी कडेनं वळायची. मग मिटलेल्या छत्रीसारखी खाली यायची. शेवटी शेंडा मान टाकायचा. तिथून पुढे मरण. त्या उंबरठ्यावर थोरलीचा पाय पडता पडता हर्षाली झरोका लावायची आणि बुडाशी घोटभर पाणी सोडायची. घोटभरच.

"आई, अजून थोडं द्या ना," त्विषा मागून म्हणायची. ही तिची सून, वेदांगची बायको. तुळशीच्या लग्नानंतर लगेच लग्न होऊन नाशकाकडून या सातपुड्याच्या पायथ्याशी, नांद्रेखेड्यात आलेली. पडद्यावरून लहान मुलांना शिकवायची, आणि ऊन चढलं की तिच्या नाकातून रक्त यायचं.

"त्विषा म्हणजे काय गं?" हर्षाली विचारायची.

"तेज. उजेड."

"म्हणजे ऊनच की. नावातच ऊन आणि उन्हाला भिते." आणि हसायची. शेजारच्या स्नेहल आजीही हसायच्या. त्यांना दुपारभर दुसरं काम नसायचं.

उन्हाळा आता फाल्गुनात बसायचा तो ज्येष्ठ सरेपर्यंत उठायचा नाही. पारा पन्नाशी ओलांडायचा. भाजीचं फूल उमलण्याआधी गळायचं, बियाणं मातीतच भाजून निघायचं. हिरवी भाजी मिळायची ती शहराकडच्या गारघरांतून, चांदीच्या भावानं. अशा दिवसांत नांद्रेखेड्याच्या हर्षाली महाजनच्या रोपवाटिकेतली रोपं तेवढी जगायची. दारापुढचा झेंडू, अबोली, मोगरा, परसातलं गिलकं, गंगाफळ. लोक तालुका ओलांडून यायचे.

ती करायची काय, ते तिला डॉक्टर मृणाल देवरे यांनी शिकवलं होतं. देवरेबाई वनस्पतींच्या डॉक्टर, संशोधन केंद्रातल्या. पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी हर्षालीला विचारलं होतं, "तुमची आजी काही विसरू नये म्हणून काय करायची?"

"पदराला गाठ मारायची."

"वेलही तेच करतो. त्याच्या प्रत्येक पेशीत एक सूत असतं. त्यावर सगळी विद्या लिहिलेली. मोठं ऊन सोसलं आणि त्यातून जगला, की वेल त्या सुतावर गाठ मारतो. लिहिलेलं बदलत नाही, फक्त खूण राहते. पुढचं ऊन आलं की ती गाठ त्याला आठवण देते, आणि तो आधीच पानांची तोंडं मिटून बसतो. आता त्याची बी पेरली तर? बी बनताना सगळ्या गाठी सुटतात. लेकरू कोरं जन्माला येतं. पण वेलाचं पेर कापून मातीत दाबलं, मुळं फोडली, तर तो नवा वेल नसतोच. तोच असतो, गाठींसकट."

"म्हणजे बी विसरतं, कलम विसरत नाही."

"बरोबर. आणि एक. भरपूर पाणी, सावली, लाड मिळाले की कलमही गाठी सोडून देतं. दया केलीत की शिकवण गेली."

हे शेवटचं वाक्य हर्षालीच्या मनात असं रुजलं की त्याला पाणीही घालावं लागलं नाही. नवरा हेमंत उन्हानंच गेला होता, पंपावर काम करताना, उभ्या उभ्या. त्याला सोसायची सवय नव्हती असं तिनं मनाशी ठरवून टाकलं. मग जे जे हाताखाली आलं ते ते ती तापवून काढू लागली. थोरलीला तापवायचं, तिची पेरं कापायची, ती पुन्हा तापवायची, त्यांतलं सगळ्यांत चिवट असेल ते नवी थोरली. वर्षामागून वर्षं. गाठीवर गाठ.

एकदा चैत्रात, हर्षाली बाजारात गेलेली असताना, त्विषानं तापघराबाहेर तापत ठेवलेल्या थोरलीच्या एका कलमावर बादली रिकामी केली. वेल तरारला. मान टाकलेले तणावे वर उठले. त्विषा खूश होती. हर्षालीनं आल्यावर तो वेल मुळापासून उपटला आणि तिच्या पायाशी टाकला.

"हा बघ. लाडानं मेला. मी नाही मारला."

त्विषा तुटलेली पानं गोळा करू लागली. बोलायचं तिनं कमी केलंच होतं. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात ती जेवताना म्हणाली होती, "आई, मेथी जरा कडवट झालीये का?" हर्षालीनं सगळ्यांदेखत तिच्या पानात आणखी दोन पळ्या मेथी वाढली होती. "आमच्याकडे ताटाला नावं ठेवत नाहीत, बाई. पानात टाकतही नाहीत. तुमच्या नाशकात असेल पद्धत." तेव्हापासून त्विषा खारट, तिखट, करपलेलं, सगळं खाली मान घालून खायची. हर्षाली स्नेहल आजींना कौतुकानं सांगायची, "तयार होतेय सून. होईल कणखर."

आजी म्हणायच्या, "तुझ्या मोगऱ्यासारखी नको होऊ दे म्हणजे झालं."

त्यात अर्थ होता. तापवलेला मोगरा भर वैशाखात पांढराशुभ्र फुलायचा, पण त्याला वास नसायचा. लोक तरीही न्यायचे. देवापुढे पांढरं काही ठेवायला मिळतंय, एवढ्यावर खूश असायचे.

त्याच चैत्रात देवरेबाई आल्या. थोरलीचं एक पान त्यांनी हातातल्या यंत्रात घातलं, आकडे बघितले आणि चेहरा उतरला.

"हर्षालीताई, हा वाण आता थांबवा. फार गाठी झाल्यात."

"फार झाल्या तर चांगलंच ना? बघा की कशी उभी आहे."

"काकडीच्या देठाशी कडू लागतं कधी कधी, माहीत आहे ना? ते विष असतं. रानातल्या भोपळ्याच्या अंगात ते भरलेलं असायचं, जनावरांनी खाऊ नये म्हणून. माणसानं हजारो वर्षं गोड गोड फळांचं बी राखून राखून ते झोपवलं. मेलेलं नाही, झोपलंय. वेल छळला की त्याला जाग येते. तुमच्या गाठी त्याच्या उशाशी गेल्यात. या वेलाला फळ धरलं तर खाऊ नका. जुन्या पिढीची पेरं मी राखलीत, ती देते, तिथून पुन्हा सुरू करा."

"जुनी यंदाच्या उन्हात तगतील?"

देवरेबाईंनी यंत्र पिशवीत टाकलं. मग म्हणाल्या, "निम्मी मरतील."

"मग लोक माझ्याकडे कशाला येतील?"

"निदान चाखा तरी. प्रत्येक फळाची चकती चाखा. कडू लागली तर थुंका, फळ पुरा. आणि लोकांनाही सांगा."

"चाखतोच की आम्ही. दुधी, काकडी, गंगाफळ, चाखल्याशिवाय चिरते का कोणी बाई? हे काय सांगायचं असतं?"

तेही खरंच होतं. चकती कापून जिभेवर ठेवायची ही रीत त्या मुलखात लेकी आयांच्या मांडीवरच शिकतात. म्हणून हर्षालीनं कोणाला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लोकांनी कान टवकारले असते. चैत्र सरता सरता थोरलीला पहिलं फळ पिकलं, बेताचं, गर्द केशरी. हर्षालीनं ते काढून देवघराच्या फडताळात ठेवलं. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पितरांच्या नैवेद्यात हेमंतच्या पानावर हेच वाढायचं, तिनं ठरवलं.

आखाजीच्या दोन दिवस आधी वेदांग घरी आला तो हसत आला. तोरणमाळच्या पठारावर नवी वसाहत झाली होती. वर गार हवा, वर पाऊस. तिथल्या पंपघरात त्याला नोकरी लागली होती, राहायला दोन खोल्या.

"आपण तिघंही जाऊ, आई. आखाजी झाली की निघू."

हर्षाली भाकरी थापत होती. थापत राहिली. "गार हवेत माझे वेल गाठी सोडतील."

"वेल सोड ना."

"आणि तुझे बाबा? त्यांना घास कोण घालणार? त्यांना काय तोरणमाळचा पत्ता देऊ?"

"आई, ते काय पोस्टमन आहेत का..."

"जा, जा. तुम्ही दोघं जा." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "हिनंच सांगितलं असेल तुला. हिला ऊन सोसत नाही."

त्विषानं वेदांगकडे पाहिलं. खरं म्हणजे तिनं एकदाच सांगितलं होतं, रात्री, नाकाला फडकं धरून. वेदांग म्हणाला, "तिनं नाही, मीच अर्ज केला." पण तो जरा उशिरा म्हणाला. तेवढ्या उशिरात हर्षालीला कळायचं ते कळलं.

नवरा उन्हानं नेला, आता लेकाला सून नेणार. हे तिच्या काळजात रुतून बसलं ते निघेना.

आखाजीचा दिवस उजाडला. या दिवशी परसात आळी करून वेल लावले तर ते अक्षय होतात, म्हणून सकाळपासून रोपवाटिकेत गर्दी. थोरलीची मुळं फुटलेली पेरं हर्षालीनं ओल्या फडक्यात गुंडाळून घरोघरच्या बायांच्या हातांत दिली. उन्हं चढली तशी गर्दी पांगली. पाणीपुरवठ्याचा पंप बंद पडला म्हणून वेदांगला बोलावणं आलं, तो दोन घास खाऊन गेला. घरात राहिल्या दोघी, आणि नैवेद्याला म्हणून आलेल्या स्नेहल आजी.

हर्षालीनं पाटावर पाण्यानं भरलेली घागर मांडली, वर करा, म्हणजे छोटं मडकं, त्यावर कैऱ्या. दमलेल्या आवाजात म्हणाली,

आखाजीची घागर, तिच्यावरी बाई करा
तहानेला धनी माझा, आज येईल माघारा

पंगतीची भाजी बाजारच्या गंगाफळाची होती, सकाळीच झालेली, चाखून केलेली. हेमंतच्या पानाची वेगळी. थोरलीचं फळ हर्षालीनं स्वतः चिरलं, मेथीदाण्याची फोडणी दिली, गूळ घातला, हेमंतला आवडायचा तसा सढळ. चकती कापली तेव्हा सवयीनं हात तोंडाकडे गेला होता. तो तिनं मागे घेतला. नैवेद्याचं चाखायचं नसतं. पितरांआधी जीभ लावली की ते उष्टं होतं. वर्षातला हा एवढाच दिवस, ज्या दिवशी चांगली सुगरण न चाखता रांधते.

पत्र्यावर घास ठेवला. भात, कुरडई, वर गंगाफळाची केशरी फोड. तिघी सावलीत उभ्या राहून बघू लागल्या.

कावळा आला. चोच उघडी, उन्हानं धापा टाकत. त्यानं वरची फोड उचलली. लगेच टाकली. चोच पत्र्यावर घासली, दोन वेळा, तीन वेळा, आणि उडून समोरच्या तारेवर जाऊन बसला. दुसरा आला. त्यानंही तेच केलं.

"शिवेना गं," स्नेहल आजी म्हणाल्या.

हर्षाली सावलीतून पुढे आली. कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याच्या मनात काहीतरी अडकलंय. ते ओळखावं लागतं, मोठ्यानं बोलून दाखवावं लागतं, वचन द्यावं लागतं. हेमंतच्या मनात काय अडकलं असेल ते तिला शोधावं लागलं नाही. तिच्याच मनात ते दोन दिवस अडकून होतं.

ती हात जोडून म्हणाली, "अहो, पोर जाणार नाही कुठे. मी जाऊ देणार नाही."

कावळे तारेवरून हलले नाहीत.

"माझ्या शब्दावर विश्वास नाही त्यांचा." ती त्विषाकडे वळली. "तू बोल."

"मी?"

"नेणारी तू आहेस. तूच बोल. सासऱ्यांना शब्द दे."

त्विषानं आजींकडे पाहिलं. आजी म्हणाल्या, "दे बाई, देऊन टाक. आत्मा तळमळतोय. शब्दाला काय लागतं?"

उन्हाची झळ सावलीतही येत होती. त्विषाच्या नाकाशी लाल थेंब जमला, तो तिनं मनगटानं पुसला. हात जोडले. हळू म्हणाली, "बाबा, आम्ही कुठे जाणार नाही. इथेच राहू."

कावळ्यानं मान वळवली. बस. तेवढंच.

"मनापासून बोलली नाहीस," हर्षाली म्हणाली.

"आई, मी..."

"त्यांना कळतं. ओठातलं आणि पोटातलं कळतं त्यांना." तिनं घरात जाऊन हेमंतचं पान उचलून आणलं. या घरात पितरांचं पान शेवटी सुनेनं खायचं अशी रीत होती. हर्षालीनंही आयुष्यभर खाल्लं होतं. "बस. त्यांचं नाव घेऊन खा. सगळं. पानात काही टाकू नकोस. मग बघू शिवतो का."

त्विषा बसली. पहिला घास तोंडात गेला तसे तिचे डोळे विस्फारले. घास गालात तसाच राहिला. तिनं सासूकडे पाहिलं. सासूची नजर तिच्या तोंडावर होती, काचेला कपाळ टेकून थोरलीकडे लावावी तशी.

त्विषानं गिळलं. मग पाणी प्यायली. मग दुसरा घास. मग पुन्हा पाणी.

"पाणीच पितेय नुसती," स्नेहल आजी म्हणाल्या.

"ऊन आहे," त्विषा म्हणाली. तिनं भाजी संपवली. बोटानं वाटी पुसून घेतली.

तेवढ्यात तिसराच एक कावळा उतरला, केशरी फोड चोचीनं बाजूला ढकलली आणि खालचा भात उचलून उडाला.

"शिवला! शिवला गं!" हर्षालीनं सुनेला जवळ ओढलं, तिच्यावरून हात ओवाळून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच. "पोरी, जिंकलंस. सुटले ते." आणि त्विषा हसली. पोटात तेव्हा पहिली कळ आली होती.

दुपार कलायच्या आत तिला उलट्या सुरू झाल्या. मग जुलाब. मग उलटीत रक्त. हर्षालीनं ओली चादर लावली, कांद्याचा रस तळपायांना चोळला. वेदांगला फोन गेला, तो गाडी आणायला धावला. गाड्या सगळ्या ऊन लागलेल्यांनी भरलेल्या.

त्विषाचे ओठ पांढरे पडले होते. तिनं सासूचा हात धरला. "आई, भाजी..."

"बोलू नकोस. दम लागेल."

"भाजी कडू..."

"शू. म्हटलं ना. बोलायचं नाही."

त्विषानं तोंड मिटलं. तिला त्याची सवय झालेली होती.

दवाखान्याच्या ओट्यावर जागा मिळाली तेव्हा तिचा हात गार पडला होता. त्या दिवशी तिथे रांगेनं माणसं गेली होती, सगळी उन्हानं. डॉक्टरांनी डोळ्यांवर बॅटरी मारली, नाकाखालचं सुकलेलं रक्त पाहिलं आणि म्हणाले, "ऊनच." कोणी काही विचारलं नाही. त्या वैशाखात माणूस कशानं गेलं हे विचारायची रीत राहिली नव्हती.

संध्याकाळी बाया आत रडत होत्या तेव्हा हर्षाली चुलीजवळ बसली होती. समोर ते पातेलं. कडेला भाजीचा लेप सुकलेला. तिनं तो नखानं खरवडला आणि जिभेवर ठेवला.

गुळाच्या खाली असलेलं ते तिच्या घशापर्यंत, कानांच्या मुळापर्यंत गेलं. ती मोरीत थुंकली. चूळ भरली. पुन्हा थुंकली. तोंड स्वच्छ होईना. जी भाजी तिला एवढीशी जिभेवर धरवेना, ती पोरीनं वाटीभर गिळली होती, बोटानं पुसून.

मग तिनं पातेलं राखेनं घासलं, दोनदा, आणि पालथं घातलं.

दहाव्याला स्नेहल आजींनी वेदांगला सगळं सांगितलं, डोळ्यांना पदर लावून. कावळा कसा शिवेना, त्विषानं कसा शब्द दिला, मग कसा शिवला. "देवाघरच्या वाटेवर होती पोर, पण शब्द देऊन गेली. कुठे जाणार नाही म्हणाली."

 वेदांगनं तोरणमाळला फोन करून नोकरी नको म्हणून कळवलं.

"तिनं शब्द दिलाय, आई. मी कसा जाऊ?"

हर्षालीला हवं होतं ते मिळालं होतं. लेक समोर जेवत होता, समोर झोपत होता. पंपाच्या कामातून वेळ मिळाला की रोपवाटिकेत यायचा. थोरलीपाशी बसायचा. "हिचं पहिलं फळ तिनं खाल्लं ना," म्हणायचा, आणि तापघराच्या झरोक्याची कडी स्वतः ओढायचा, आईनं शिकवली तशी, अगदी उंबरठ्यापर्यंत.

त्याला खरं सांगायचे दिवस एकेक करून निघून गेले. आज तो थोडं जेवलाय, आज नको. आज हसला, आज कशाला. घरोघरून फोटो येत होते. परसातल्या पन्नाशीच्या उन्हात हिरवेगार वेल, पिवळी फुलं, फुलांखाली सुपारीएवढी फळं. "ताई, तुमच्या हाताला यश आहे!" हर्षाली मनाशी म्हणायची, ती पेरं तापघरात नाहीत, त्यांना पाणी मिळतं, त्यांच्या गाठी सुटल्या असतील. आणि बाया चाखतातच. मग तिला आठवायचं की ही फळं पिकतील तेव्हा श्रावण लागलेला असेल. श्रावणात घरोघर नैवेद्य. घरोघर सुना. ती फोन पालथा घालायची.

त्विषाचं पहिलं मासिक श्राद्ध आलं. मृग कोरडा चालला होता. सकाळी वेदांग तापघरातून आला तो छातीशी काहीतरी धरून. केशरी, जड.

"दुसरं फळ धरलं होतं, आई, पानाआड. तुला दाखवलं नाही. आज तिच्या पानाला हेच."

"अरे, ते नको. बाजारातून आणते मी."

"का नको?"

"कोवळं आहे अजून."

"पिकलंय." त्यानं नखानं टोचून दाखवलं. "आणि मीच करणार. तू बस."

तो चिरत होता तेव्हा ती चुलीपाशी उभी होती. फोडणी करपली असती तर, पातेलं लवंडलं असतं तर. तिनं हात पुढे केला, तसा त्यानं तो अलगद बाजूला केला. "बस ना, आई. दमली असशील." त्यानं गूळ घातला. चव घेतली नाही. कशी घेईल, तिचाच मुलगा होता.

त्विषाच्या फोटोपुढे पान ठेवलं. पत्र्यावर घास गेला. कावळे येईनात. ऊन इतकं होतं की तारेवर पाखरू नव्हतं. वेदांगनं वाट पाहिली आणि मग फोटोपुढचं पान आपल्यापुढे ओढलं.

"तिचं पान मीच खाणार. दुसरं कोण आहे?"

त्यानं भाकरीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला, उचलला.

"खाऊ नको," हर्षाली म्हणाली.

"का?"

"कडू आहे."

त्याचा हात थांबला. तो भाजीकडे बघत राहिला, मग आईकडे. "मी तर चाखली नाही. तूही नाही." आणि सावकाश, जणू वाक्य त्याचं त्यालाच परकं असावं तसं, "तुला कसं माहीत?"

खोटं तयार होतं. देवरेबाई म्हणाल्या होत्या, रंगावरून कळतं, वासावरून. एकही जिभेवर येईना.

"पहिलं चाखलं होतं."

"कधी?"

"ती गेली त्या संध्याकाळी. पातेल्याला लागलेलं."

वेदांगनं घास पानात ठेवला. ओरडला नाही. उठून हात धुतले, बराच वेळ धुतले. परत येऊन तिच्यासमोर बसला तेव्हा त्याच्या हातात फोन होता.

"वेल कोणाकोणाकडे गेलेत?"

"वेदांग..."

"नाव सांग."

"सावखेड्याची रोहिणी. वाण्याची."

त्यानं लावला. "मी नांद्रेखेड्याचा वेदांग महाजन. आमच्याकडून नेलेला गंगाफळाचा वेल आत्ता उपटा. फळ असेल तर जनावरालाही घालू नका, पुरा. माझी बायको त्यानं गेली. नाही, उन्हानं नाही. हो, माझ्या आईला माहीत होतं. महिनाभर." त्यानं फोन ठेवला. "पुढचं."

"कोळवदची... कोळवदची ज्ञानदा."

तेच शब्द. त्याच आवाजात. ती ऐकत होती. पलीकडे कोणी गप्प व्हायचं, कोणी शिव्या द्यायचं, कोणी रडायचं. एकीनं फोन कानाला तसाच धरून परसात धाव घेतली, ते धावणंही ऐकू आलं. वेदांग थांबत नव्हता. "पुढचं." दाराशी स्नेहल आजी येऊन उभ्या राहिल्या, ऐकलं आणि उंबरठा न ओलांडता माघारी गेल्या.

हर्षालीला सगळी नावं पाठ होती. कोणाचं आळं विहिरीजवळ, कोणाचं न्हाणीच्या पाण्यावर, सगळं. ती सांगत गेली. सांगता सांगता तिला कळलं की तो समोर बसलाय तो नावं आहेत तोवर. शेवटचं नाव झालं की तो उठेल, आणि दार उघडंच आहे.

"पुढचं," वेदांग म्हणाला.

तिनं तोंड उघडलं, आणि पुढचं नाव जरा सावकाश घेतलं.